मामंजींच्या गाडीचा गिअर

खेळण्यातल्या मोटारीचे गिअर बदलायला मी शिकले ते सासऱ्यांसाठी. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे नातवासाठी ना?" नाही हो, नातवासाठी नाही. नातू अजून व्हायचा होता. सासऱ्यांसाठीच. पंचावन्नच्या घरातल्या, झुपकेदार मिशा राखलेल्या, उभी हयात एसटीच्या लाल गाडीचं स्टिअरिंग धरलेल्या माणसासाठी.

आमचं घर नगरजवळच्या केडगावात, पुण्याच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. माणसं चारच. मामंजी म्हणजे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, आमचे हे आणि मी. धाकटे दीर बोटीवर नोकरीला, ते वर्षा-दीड वर्षानं उगवायचे. मी नेवाशाची. मामंजी नगर-नेवासा गाडीवर ड्रायव्हर होते तेव्हा माझे वडील त्यांच्याच गाडीनं नगरला यायचे, आणि त्या ओळखीतून माझं लग्न ठरलं. बघायला आले तेव्हा ह्यांनी मान वर केली नाही. सगळं मामंजींनीच विचारलं. पहिला प्रश्न काय, तर "इमामपूरच्या घाटात गाडी लागते का गं तुला?" मी म्हटलं, "गाडी नाही लागत, शेजारच्यानं विडी पेटवली की लागते." ते इतक्या मोठ्यानं हसले की आत आईच्या हातातली बशी निसटली. तेव्हापासून आमचं जमलं.

मग बाहत्तरच्या दुष्काळात, नावालाच असलेल्या पावसाळ्यात, त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणलं ते खाटेवरच. डॉक्टर म्हणाले, जिवाची भीती टळली, आता हळूहळू. हळूहळू म्हणजे किती, ते काही कोणी सांगेना. "व्हय", "न्हाई", "पाणी" एवढे शब्द तेवढे परत आले. आणि एक शिवी. ती मात्र पहिल्यासारखी खणखणीत यायची.

डेपोतले सोबती बघायला यायचे. त्यांत त्यांचा जुना कंडक्टर होता. वर्षानुवर्षं एकाच गाडीवर दोघं, जेवणाचा डबासुद्धा एकत्र उघडायचे. तो दारात दिसला की मामंजी डाव्या हातानं गोधडी तोंडावर ओढून घ्यायचे. तो बिचारा खाटेशी बसायचा, "काय हो उस्ताद" म्हणायचा, गोधडीकडे बघून चहा प्यायचा आणि निघून जायचा. पुढे पुढे कोणी येईनासं झालं. आत्याबाई देवापुढे हात जोडून मोठ्यानंच म्हणायच्या, "बाबा रे, चालायला न्हाई आलं तर राहू दे. पन यांना एकदा चार मानसांत तोंड वर करून बसव." त्यांचं मागणं तेवढं एकच होतं आणि तेच कठीण होतं.

त्या दिवाळीला भावजी आले. सोबत एवढं मोठं खोकं. मला वाटलं साडी असेल, ट्रान्झिस्टर असेल. निघालं काय, तर काळ्या प्लॅस्टिकचे रस्त्याचे तुकडे, दोन टीचभर मोटारी आणि विजेचा एक डबा! तुकडे एकमेकांत अडकवले की लांबट गोल रस्ता व्हायचा. रस्त्यात दोन चिरा. मोटारीच्या पोटाखाली एक खुंटी, ती चिरेत बसवायची, म्हणजे मोटार आपल्या वाटेनं धावते. प्रत्येक गाडीला वायर लावलेली एक मूठ आणि मुठीवर अंगठ्यानं दाबायचं बटण. दाबलं की पळते, सोडलं की थांबते. जास्त दाबलं की वेडी होते.

"कोणासाठी आणलंत हे?" मी विचारलं.

"असंच," भावजी म्हणाले. तिशीला आलेला घोडा! लाजलासुद्धा नाही.

पुढच्या खोलीत दोन ट्रंकांवर जुनं दार आडवं टाकलं आणि त्यावर रस्ता मांडला. हे आणि भावजी लागले शर्यत खेळायला. सगळ्या घरात घुंईऽऽ घुंईऽऽ. मामंजी भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी भावजींना डोळ्यांनी दटावत होते, पण दटावून घेतील तर ते भावजी कसले! वळण आलं की गाडी हमखास चिरेतून उडायची आणि थेट चुलीच्या खोलीत. आत्याबाई तिकडून ओरडायच्या, "अरे पिठात पडली!"

असं चार-पाच वेळा झालं असेल. मी सहज खाटेकडे बघितलं, तर मामंजींचं तोंड आमच्याकडे वळलेलं! डावा हात वर केलेला, आणि तो ते पुढून मागे ओढत होते. पुन्हा पुढून मागे. चेहरा चिडलेला.

"भांडं पाहिजे का?" आत्याबाई धावल्या.

मामंजींनी ती शिवी दिली.

"पाणी? उशी? पाठ खाजवू?"

पुन्हा शिवी. माझ्या मात्र डोक्यात लख्ख उजेड पडला. नेवाशाच्या गाडीत मी त्यांच्या मागच्याच बाकावर किती वेळा बसले होते. घाटाचं वळण आलं की डाव्या हातानं ते अस्साच दांडा मागे ओढायचे. गाडीचा आवाज बदलायचा आणि ती शहाण्यासारखी वळायची.

"ते गिअर टाका म्हणतायत!" मी ओरडले. "वळणावर खालचा गिअर टाका म्हणतायत!"

"व्हय," मामंजी म्हणाले. आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या मिशीखाली हसू दिसलं. मला रडूच आलं. रडायची ती वेळ नव्हती, पण आलं.

भावजी वडिलांना अण्णा म्हणत. ते म्हणाले, "अण्णा, हिला गिअरचा दांडा नसतो. हिचा गिअर गाडी उघडून हातानं बदलावा लागतो." आणि खरंच त्यांनी खोक्याच्या तळातून एक प्लॅस्टिकची पुडी काढली. तिच्यात पांढरी, दात्यांची इवली इवली चाकं. आत्याबाई बघून म्हणाल्या, "बाई गं, दुधाचे दात!"

भावजींनी मला समजावलं ते असं. गाडीच्या पोटात विजेची मोटार असते, तिच्या तोंडाशी पितळेचं अगदी बारकं दात्यांचं चाक असतं. मागच्या दोन टायरांच्या मधल्या कण्यावर मोठं चाक असतं. बारकं मोठ्याला फिरवतं. कण्यावरच्या चाकाला दाते कमी असले की गाडी सुसाट पळते, पण ओढ कमी आणि बटणाला जरा धक्का लागला की उधळते. दाते जास्त असले की गाडी सावकाश जाते, पण ताकदीनं आणि ऐकण्यात राहते. सायकल असो, पिठाची गिरणी असो, हिशेब एकच. मी म्हटलं, एवढंच ना? एवढं तर माझ्या शिलाई मशीनलाही कळतं.

"एवढंच नाही वहिनी," भावजी म्हणाले, "कुठलं चाक कोणाच्या हाताला, ते बघावं लागतं."

ते खरंच होतं. मामंजींचा चालता हात डावा, आणि त्या हाताच्या अंगठ्याला बारीकसारीक कामाची सवय नाही. त्यांच्या हातात मूठ दिली की अंगठा एकदम तळापर्यंत जायचा. अधेमधे काही नाही. पहिल्याच दिवशी गाडी उडाली ती देवघरात. त्यांनी मूठ फेकून दिली आणि भिंतीकडे वळले. मी मनाशी म्हटलं, फेका. मीही नेवाशाची आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी लागले चाकं बदलायला. भावजींनी स्क्रू कसा सोडायचा, चाक कण्यावरून कसं सरकवायचं ते दाखवलं. सगळ्यात कमी दात्यांची चाकं तर बादच. त्यावरचं थोडं मोठं लावलं. सरळ रस्त्यावर बरं, वळणावर तीच तऱ्हा. सगळ्यात मोठं लावलं, तर ते इतकं मोठं की त्याचे दाते खाली रस्त्याला घासायला लागले. नाकापेक्षा मोती जड! शेवटी पुडीतलं मधल्या आकाराचं चाक लावलं. तशी चाकं दोनच होती. मामंजींनी अंगठा तळापर्यंत दाबला, गाडी वळणावर आली, मागचं अंग जरा फेकलं आणि वळली. वळली! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काही नगरची गाडी वेळेवर नेवाशाला पोचवली. मी खोलीतल्या खोलीत टाळ्या पिटल्या. आत्याबाईंनी मला गप्प केलं, आणि मग स्वतःच पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

संक्रांत झाल्यावर भावजी बोटीवर गेले. खोकं, पुडी आणि मामंजी माझ्या हवाली करून गेले. आमच्या ह्यांचा यंत्राशी संबंध म्हणजे सायकलची घंटी वाजवण्यापुरता, तेव्हा सगळं माझ्याच गळ्यात पडलं. खरं सांगते, मला ते आवडलं.

पण शिकताना घातलेला घोळही माझाच. दोन चाकं एकमेकांत इतकी घट्ट बसवली, की गाडी कण्हत चालायला लागली. मला वाटलं घट्ट म्हणजे चांगलं, मोदकाची कळी कशी घट्ट मिटतो तसं. चार दिवसांत पांढरं चाक खाल्लं गेलं, दात्यांचा नुसता भुगा. दोनांतलं एक गेलं. मग आपसूकच अक्कल आली. संक्रांतीच्या फाटक्या पतंगाचा कागद घ्यायचा, त्याची पट्टी दोन चाकांच्या मध्ये धरायची आणि मग स्क्रू आवळायचा. पट्टी ओढून काढली की जेवढी फट उरते तेवढी बरोबर. चाकांनासुद्धा श्वास घ्यायला जागा लागते. हे आत्याबाईंना सांगितलं तर म्हणतात, "सासू-सुनंचं पन तसंच असतं." टोमणा होता की लाड, ते मला अजून कळलेलं नाही.

आणि तेलाचा प्रकार तर विचारूच नका. नगरची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. एका सकाळी गाडी काही केल्या जागची हलेना. वीज आहे, वायर नीट आहे, मोटार नुसती हूं हूं करते. उघडून बघते तर आत पांढरं लोणी! आत्याबाईंनी माझ्या नकळत डोक्याला लावायचं खोबरेल तेल घातलं होतं, भरपूर, प्रेमानं. थंडीत ते थिजलं. मी कपाळावर हात मारला. मग गाडी उन्हात ठेवली, मऊ फडक्यानं पुसली आणि शिलाई मशीनचं तेल सुईच्या टोकावर घेऊन एकेक थेंब दिला. "यंत्राला न्हाऊ घालायचं नसतं," मी म्हटलं. "न्हाऊ कुठं घातलंय मी, थोडंसंच हुतं," असं म्हणून त्या रुसल्या ते संध्याकाळपर्यंत.

आठवड्यातून एकदा मी गाडी उघडायचे. कण्याला काय काय गुंडाळलेलं सापडायचं! माझे केस, गोधडीचा दोरा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे आत्याबाई वाती वळत बसायच्या त्याचा कापूस. सुईनं ते सगळं काढायचं, जुन्या ब्रशानं दात्यांच्या फटी झाडायच्या, पतंगाच्या कागदानं फट बघायची. मामंजी एका कुशीवर होऊन बघत राहायचे. मी मुद्दाम विचारायचे, "बरोबर बसलंय का हो?" ते कान द्यायचे. मी बोटानं चाक फिरवायचे. आवाज ऐकून "व्हय" किंवा "न्हाई" म्हणायचे, आणि त्यांचं कधी चुकायचं नाही. गाडीच्या आवाजात त्यांचं सगळं आयुष्य गेलेलं.

हळूहळू ते तक्क्याला टेकून बसायला लागले. मग दाढी करून घ्यायला लागले. मिशांना पुन्हा आकार आला. भाद्रपदात एक दिवस गाडी थांबवून म्हणाले, "दसरा." मला वाटलं दसऱ्याला काही गोडधोड पाहिजे. "श्रीखंड?" "न्हाई." डाव्या हातानं दाराकडे दाखवलं. "त्यो... बोलव." आणि खांद्याला पिशवी अडकवल्यासारखी खूण केली, तिकिटांची पिशवी.

कंडक्टरला बोलवायचं होतं! आत्याबाई तशाच खाली बसल्या. मी ह्यांना त्याच दिवशी डेपोत पिटाळलं. निरोप गेला: दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला या, उस्तादांनी बोलावलंय, दोन-चार जण या. आता त्यांचं ते चार माणसांत बसणं त्या बोटभर गाडीवर होतं. ती चालली तर मामंजी त्यांच्यासमोर काहीतरी करून दाखवणारा माणूस. नाही चालली तर पुन्हा गोधडी. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या हत्यारांची पूजा. विळी, कोयता, माझं शिलाई मशीन, ह्यांची सायकल, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं फूल. मी पुरणाच्या नादात. दसऱ्याच्या सकाळी मामंजींनी खूण केली, एकदा चालवून बघू. मी गाडी चिरेत ठेवली. टपावर कुंकवाचा ठसा बघून मला हसू आलं. त्यांनी अंगठा दाबला.

कर्रर्र!

मी झडप घालून गाडी उचलली. मामंजींचा चेहरा पांढरा. गाडी उघडली. आत सगळं लालपिवळं. हळद, कुंकू, आणि दोन चाकांच्या बरोब्बर मध्ये अक्षतेचा एक दाणा. पितळेच्या चाकाला काय होतंय? पांढऱ्याचे मात्र लागोपाठचे चार दाते साफ उडाले होते. मधल्या आकाराचं ते शेवटचं चाक.

"आत्याबाई!" माझा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला असेल. "टपाला लावायचं ना! पोटात कशाला घातलंत?"

त्या चुलीपाशी उभ्या. हातात उलथनं. "अगं, समदी ताकद पोटातच असती ना तिची," त्या म्हणाल्या. "त्यांच्या हातातलं हत्यार आता तेवढंच हाय. त्याची पूजा वरवर करायची व्हय?" आणि त्या तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या.

माझा राग तिथल्या तिथे विरघळला. कोणावर रागवणार होते मी? असा राग आला की जीभच चावावीशी वाटते. मी त्यांच्या हातातलं उलथनं घेतलं, त्यांना पाटावर बसवलं आणि म्हटलं, "काही नाही होत. मी आहे ना." होतं काय माझ्याकडे? पुडी ओतली. कमी दात्यांची उधळी चाकं होती, दुसऱ्या गाडीतही तसंच होतं. आणि ते सगळ्यात मोठं, रस्त्याला घासणारं.

उधळं लावावं तर वळणावर गाडी उडणार, चार लोकांदेखत. मोठं लावावं तर ती जागची हलणार नाही. इकडे आड तिकडे विहीर. तरी मोठंच लावून बघितलं. घर्रर्र घासत दोन वीत गेली आणि थांबली. मामंजी छताकडे बघत होते. गोधडीची कड त्यांच्या मुठीत आली होती. ती मूठ बघवेना मला.

आमचे हे आरशासमोर दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. तिथूनच म्हणाले, "खाली घासतंय तर चाकं उंच कर की." आणि पुन्हा वस्तरा फिरवायला लागले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. उभ्या जन्मात यंत्राबद्दल एवढा एकच शहाणपणाचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला, पण निघाला तो वेळेवर. अहो, खरंच की! टायर मोठे केले तर कणा वर उचलला जाईल, कण्यावरचं चाकही वर जाईल, घासणार नाही.

सायकलची जुनी ट्यूब दाराआड खिळ्याला लटकत होती. तिच्या बारीक रिंगा कातरल्या. पण टायर एवढासा, ट्यूब केवढी, बसणार कशी? मग रिंगा तोडून पट्ट्या केल्या, टायरभोवती गुंडाळल्या, पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवल्या. वर एक फेरा आणखी. वाळेपर्यंत तोंडानं फुंकर घालत बसले. कडा कात्रीनं सारख्या केल्या, नाहीतर गाडी लंगडली असती. पतंगाचा कागद घालून फट लावली. चिरेत ठेवली. दाते आणि रस्ता यांच्यामधून कागद अलगद आरपार गेला.

मी मूठ मामंजींपुढे धरली. त्यांनी मान हलवली, "न्हाई."

"मग मी चालवते," मी म्हटलं आणि बटण पार तळापर्यंत दाबलं. गाडी चालली. हळू. अगदी हळू, चढावरच्या भरल्या गाडीसारखी. पण वळणावर हललीसुद्धा नाही. मी मामंजींकडे बघितलं. ते गाडीकडे बघत होते, मिटल्या ओठांनी. ही गोगलगाय त्यांना आपल्या सोबत्यांपुढे चालवायला आवडेल का? त्यांना ती थट्टा वाटली तर? मी विचारलं नाही. खरं तर विचारायचं धाडसच झालं नाही.

संध्याकाळी ते तिघे आले. पुढे कंडक्टर, मागे दोन ड्रायव्हर. हातांत आपट्याची पानं. मामंजी तक्क्याला टेकून बसलेले, धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. कंडक्टर उंबऱ्यातच थबकला. गोधडी तोंडावर नाही, हे बघूनच त्याचे डोळे भरले. "उस्ताद," एवढंच म्हणाला. सोनं दिलं, पाया पडला. इकडची तिकडची बोलणी सुरू झाली आणि मग सगळ्यांच्या नजरा त्या दारावरच्या रस्त्याकडे गेल्या.

दोघा ड्रायव्हरांनी आधी दुसरी गाडी चालवून बघितली, उधळ्या चाकाची. ती पहिल्या वळणाला उडून एकाच्या मांडीवर पडली, मग दुसऱ्याच्या चहात. खो खो हसले. "लई वंगाळ वळन हाय राव," एक जण म्हणाला. त्यांनी मूठ खाली ठेवली. आता मामंजींची पाळी.

मी त्यांची गाडी चिरेत ठेवली. मूठ डाव्या हातात दिली. ते गाडीकडे बघत राहिले. अंगठा बटणावर, पण दाबत नव्हते. आत्याबाई दाराआडून बघत होत्या. काय झालं? लाज वाटली? हळू गाडीची चीड आली? मी काही बोलणार, तोच कंडक्टर जरासा पुढे झाला. त्यानं मामंजींच्या तोंडाकडे बघितलं. मग खिशात हात घातला, किल्ली काढली आणि स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवली.

टिंग टिंग.

मामंजींचा अंगठा खाली गेला आणि गाडी सुटली. कंडक्टरच्या बेलशिवाय त्यांनी कधी गाडी हलवली नव्हती, ते आज कशी हलवतील? एवढी साधी गोष्ट घरातल्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती.

गाडी सरळ गेली. वळणावर आली, वळली. परत सरळ. परत वळली. कोणी हसलं नाही. दोघे ड्रायव्हर पुढे वाकून बघत होते. त्यांना कळत होतं, ही गाडी हळू नाही, भरलेली आहे. कंडक्टरला मात्र राहवेना. तो खाटेच्या कडेला टेकला, मामंजींच्या गेलेल्या उजव्या हातावर हात ठेवून म्हणाला, "उस्ताद, एवढे दिस तोंड का लपवलंत ओ आमच्यापासनं? आमी काय परके हुतो का? बोला की कायतरी."

मामंजींनी नजर रस्त्यावरून हलवली नाही. ओठ हलले. एकेक शब्द दगड उचलल्यासारखा आला, पण आला.

"गाडी... चालू असताना... चालकाशी... बोलू नये."

कंडक्टरनं हात मागे घेतला आणि ताठ बसला. आत आत्याबाईंचा हुंदका ऐकू आला. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं, मी पुसलंही नाही. आम्ही सगळे गप्प बसून राहिलो, आणि मामंजी गाडी चालवत राहिले.